माल चढवू का, ताई?

४ मार्च, सोमवार

मसुदा परत! समासात हिरव्या शाईत एकच शब्द – ‘मवाळ’.

मी लिहिलं होतं, ‘इथल्या बँकांकडचं परकीय चलन संपत आलं आहे.’ मोठ्या साहेबांनी त्याचं केलं, ‘परकीय चलनाच्या उपलब्धतेवर काही प्रमाणात ताण जाणवतो.’ काही प्रमाणात! कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात अर्धी फडताळं रिकामी आहेत. बंदरात जहाजं उभी आहेत, माल उतरवायला कुणी तयार नाही. आणि आम्हाला ताण जाणवतो म्हणे, कंबर धरल्यासारखा.

पद्धतच आहे. अहवाल मी लिहायचा, साहेबांनी मवाळ करायचा, त्यांच्या सहीने मायदेशी जायचा. तिकडे कुणीतरी तो आणखी मवाळ करत असणार. मंत्र्यापर्यंत पोचेस्तोवर नुसती पेज!

वकिलातीत माझ्या दारावर पाटी आहे – आर्थिक धोरण विश्लेषक. आई शेजारणींना सांगते, ‘ती तिकडे सरकारला सल्ले देते.’ सल्ले तर मी जिन्यात भेटणाऱ्या माणसालाही देते, त्यात काय विशेष!

६ मार्च, बुधवार

नंबर दोन (म्हणजे साहेबांच्या खालोखालचे, चालताना सुद्धा साहेबांच्या अर्धं पाऊल मागे असतात) सकाळीच खोलीत आले. ‘मॅडम, मेळ्याचं पत्रक संध्याकाळपर्यंत द्या.’ बावीस तारखेला व्यापार मेळा आहे, आपले मंत्रीमहोदय फीत कापायला येतायत. लिहिलं – ‘येथील बाजारपेठ आपल्या उद्योजकांची वाट पाहत आहे.’ हे मात्र अजिबात मवाळ झालं नाही. उलट साहेबांनी ‘आतुरतेने’ हा शब्द घातला.

माझ्या खोलीची खिडकी उघडत नाही. काच जाड आहे, सुरक्षेची. मोबाइल बाहेर कप्प्यात ठेवून आत यायचं. संध्याकाळी फाटकातून बाहेर न पडता मागच्या जिन्याने वर घरी. घराची खिडकी उघडते, पण समोर आमचंच ऑफिस.

८ मार्च, शुक्रवार

हे लिहायला नको. पण कुठेतरी बोलल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही, आणि आज जे कळलंय ते कुणाजवळही बोलायची सोय नाही.

चष्मेवालीबरोबर कॉफी प्यायले. ती इथल्या अर्थखात्यात आहे, जे मी आमच्याकडे करते तेच ती त्यांच्याकडे करते. आधी कामापुरती ओळख होती. मग तिच्या मुलीच्या परीक्षा, माझी पाठदुखी, दोघींचे साहेब – अशी मैत्री झाली. दर शुक्रवारी भेटायचं, त्याच कोपऱ्यातल्या टेबलाशी. मी कौतुकाने तिला पत्रक दाखवलं. तिने वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसली.

‘हे छापलं का?’

‘मेलने परवाच गेलं, सोमवारी छापतील.’

‘नको छापू.’

मग हळूच सांगितलं. मेळा संपला, पाहुणे गेले, की तयार मालाच्या आयातीवर बंदी. बंदरात आलेला माल अडकणार. बाहेरच्या लोकांचे पैसे गोठवणार, किती काळ ते त्यांनाच माहीत नाही. ‘आमच्याकडे हे फक्त तिघांना ठाऊक आहे,’ ती म्हणाली, ‘मी, माझे साहेब आणि मंत्री. बाहेर गेलं तर कुठून गेलं ते शोधायला त्यांना वेळ लागणार नाही. माझी नोकरी जाईल, आणि इथे अशा गोष्टीला नुसती नोकरी जाऊन भागत नाही. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस.’

‘शपथ,’ मी म्हटलं. कॉफीचे पैसे तिनेच दिले, मी विसरलेच.

१० मार्च, रविवार

आज धाकट्याचा, भावाचा, फोन. आवाजावरूनच कळलं, स्वारी खूश आहे.

‘ताई, ओळख काय झालं!’

‘वजन कमी झालं?’

‘गप गं! ऑर्डर मिळाली. कुठून, माहितेय? तुझ्याकडून! म्हणजे तू राहतेस त्या देशातून!’

इथल्या एका घाऊक व्यापाऱ्याने त्याच्याकडे शाळेची दप्तरं मागितली आहेत. आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर. दप्तरांवर इथल्या शाळांची नावं छापायची, इथल्या लिपीत. छापूनही झाली निम्मी. शिलाईवर नव्या बायका घेतल्या, सुनेचे सोन्याचे दागिने आईने स्वतःच्या हाताने बँकेत नेऊन गहाण ठेवले. महिनाअखेरीला माल चढवायचा. पैसे माल पोचल्यावर.

‘आमच्या औद्योगिक वसाहतीतले बरेच जण तुमच्याकडे माल पाठवतात,’ तो म्हणाला. ‘चपला, प्लास्टिकचे डबे, छत्र्या. मीच मागे होतो. परवा तुमच्या ऑफिसचं ते मेळ्याचं पत्रक मेलवर आलं ना, त्याने आणखी धीर आला. आतुरतेने वाट बघतायत म्हणे!’

मी विचारलं, ‘आईचे गुडघे कसे आहेत?’

देवा रे! कारखाना गेला तर तो कशावर उभा राहणार आहे? बाबा गेल्यावर कॉलेज सोडून एका मशिनवर बसला होता हा पोरगा. आणि इथल्या शाळेचं नाव छापलेलं दप्तर दुसरीकडे कोण घेणार?

११ मार्च, सोमवार

डोकं चाललं शेवटी. सांगायची सरळ वाट आहे की! चष्मेवालीचं नाव काय, सावलीसुद्धा येऊ द्यायची नाही. बंदरातल्या रांगा, बँकांचे नकार, औषधांचा तुटवडा, डॉलरचा काळ्या बाजारातला भाव – सगळ्यांना दिसतंय तेवढंच मांडायचं आणि म्हणायचं: आपल्या निर्यातदारांना तूर्त माल पाठवू नका असा इशारा द्यावा. तो इशारा सरकारने काढला की पेपरात येईल. पेपरात आलं की धाकटा वाचेल. मी कुणाला काही सांगितलं नाही, शपथ मोडली नाही, सगळं रीतसर!

दिवसभर बसून लिहिलं. एक शब्द मवाळ ठेवला नाही. इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही, हे माझं मीच सांगते.

१४ मार्च, गुरुवार

अहवाल साहेबांच्या टेबलावर. वर हिरव्या शाईत – ‘पाहतो’.

हा ‘पाहतो’ मला ठाऊक आहे. याच्या खाली गेलेले कागद मी कधी पुन्हा पाहिले नाहीत.

१५ मार्च, शुक्रवार

चष्मेवाली आली नाही. निरोप – काम आहे. एकटीने कॉफी प्यायले. बेचव.

१७ मार्च, रविवार

‘ताई, तिकडचं काही ऐकतो आम्ही. पैसे उशिरा येतात म्हणे. खरं का?’

काय सांगू? हो म्हटलं तर तो विचारणार, किती उशिरा, का, कुणी सांगितलं. मला ओळखतो तो. एक धागा मिळाला की अख्खा स्वेटर उसवेल. आणि ऑफिसने दिलेल्या या फोनवर कोण कोण कान लावून बसलंय, देव जाणे.

म्हटलं, ‘इथे थंडी कमी झाली आता.’

मग भावजय फोनवर आली, पोरांचं सांगत बसली. तिचा लहानगा ‘आत्याला दप्तर पाठवायचं’ म्हणून हट्ट करतोय म्हणे. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला? घरात मी एकटीच आहे! सवय झालीय, कुणीतरी ऐकतंय असं धरून चालायची.

१९ मार्च, मंगळवार

गेले साहेबांकडे. वेळ न घेता, थेट. नंबर दोन दारात आडवे आले, त्यांना म्हटलं, ‘बाजूला व्हा.’ झाले बिचारे.

साहेब सभ्य माणूस. आधी बसवलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, ‘तुमचा अहवाल उत्तम आहे. पण आत्ता पाठवता येणार नाही. मंत्रीमहोदय तीन दिवसांवर आलेत. एका हाताने मेळा भरवायचा आणि दुसऱ्या हाताने माल पाठवू नका म्हणायचं?’

‘मग मेळा नका भरवू.’

हसले. ‘ते जाऊ देत, मग बघू.’

‘साहेब, मग उशीर होईल! महिनाअखेरीला लोक माल चढवतील. बुडतील ते!’

माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘कोण लोक? तुमचं कुणी आहे का या धंद्यात?’

खोटं बोलायला हवं होतं. जीभ नको तिथे खरी निघते माझी. ‘भाऊ आहे,’ मी म्हटलं. ‘दप्तरं पाठवतोय. पण अहवालातला प्रत्येक आकडा –’

त्यांचा चेहराच बदलला. रागावले नाहीत, उलट मऊ झाले, ते जास्त वाईट. ‘अरेरे. मग हा अहवाल मला कधीच पाठवता येणार नाही. आता ते तुमचं मत राहिलं नाही, तुमचा हितसंबंध झाला. आणि बाई, एक लक्षात ठेवा. तुमच्या भावाला यातलं एक अक्षर कळलं, तर मला तुम्हाला वाचवता यायचं नाही. या विषयाची फाइल उद्यापासून नंबर दोनकडे.’

म्हणजे जी एक सरळ वाट होती ती माझ्याच तोंडाने बुजवून आले. खरं बोलले म्हणून! पाणी तसंच राहिलं टेबलावर.

२० मार्च, बुधवार

नंबर दोननी फाइल नेली. ‘मॅडम, परकीय चलन म्हणजे नेमकं काय धरायचं?’ असं विचारून गेले. देवाने मला आज हसायची शक्ती दिली नाही.

२२ मार्च, शुक्रवार

मेळा झाला. मंत्रीमहोदयांचं भाषण मीच लिहिलेलं. ‘निर्धास्त या, इथे तुमचं स्वागत आहे.’ टाळ्या. इथल्या अर्थखात्याची माणसंही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. चष्मेवाली दुसऱ्या रांगेत. आमची नजरानजर झाली, दोघींनीही खाली पाहिलं. हॉलमध्ये मला घुसमटायला लागलं, बाहेर यावं म्हटलं तर सुरक्षेसाठी दारं बंद. पाहुणे निघेपर्यंत कुणी हलायचं नाही! मग तिथेच एका खांबाला टेकून उभी राहिले.

२४ मार्च, रविवार

‘ताई, बुधवारी गाड्या भरतोय. गुरुवारी बंदरावर. माल चढवू का? एक शब्द बोल. हो की नाही?’

त्याने आजवर मला असं कधी विचारलं नव्हतं. त्याला विचारावंच लागलं नव्हतं. त्याच्या लग्नातले बूट मी ठरवले. मुलांच्या शाळा मी ठरवल्या. पहिलं मशीन कुठलं घ्यायचं ते मी ठरवलं, आणि ते वाईट निघालं तेव्हा भांडून बदलूनही मीच दिलं.

डोळ्यांपुढे चष्मेवाली. ती चष्मा पुसतेय. तिची मुलगी दहावीला आहे.

‘तुझा धंदा आहे, तू बघ,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला. एवढंच.

मग आईने फोन घेतला. ‘तुला बरं नाही का गं?’ ‘बरी आहे.’ ‘जेवतेस ना?’ ‘जेवते.’ ‘मग अशी का बोलतेस, कुणी दुसरीच बोलल्यासारखी?’ नेटवर्कचं कारण सांगून ठेवला फोन.

२७ मार्च, बुधवार

आज गाड्या भरणार.

राहवेना. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले. दोन चौक पलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे, तिथून परदेशी फोन करता येतो. दुकानदाराला म्हटलं, माझा फोन बिघडलाय. काचेच्या खोक्यात उभी राहिले, नंबर फिरवला. ठरवून गेले होते – फक्त ‘नको’ म्हणायचं आणि ठेवायचं. आवाज बदलून म्हणायचं, वेडेपणाच सगळा.

धाकट्याने उचलला. मागे मशिनींचा आवाज, बायकांची हसाहस, कुणीतरी गाडीवाल्याला ‘मागे घे, मागे घे’ ओरडतंय. ‘हॅलो? कोण?’ तो म्हणाला. ‘हॅलो?’

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ‘कोण बोलतंय?’ तो पुन्हा म्हणाला, आणि मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात – ‘बरं.’ आणि ठेवला.

मी नाही सांगितलं. मी नाही सांगितलं! याचा आनंद मानायचा की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची? संध्याकाळी नंबर दोन म्हणाले, ‘चेहरा का उतरलाय?’ म्हटलं, दाढ दुखतेय. लगेच त्यांच्या दातांच्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला. माणूस वाईट नाही, नुसता अर्धं पाऊल मागे आहे.

३० मार्च, शनिवार

काही नाही. दिवसभर पडून.

२ एप्रिल, मंगळवार

बंदी जाहीर झाली. दुपारच्या बातम्यांत. तयार मालाची आयात बंद, परदेशी देणी गोठवली. ऑफिसात धावपळ. साहेब म्हणाले, ‘अनपेक्षित!’ सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्याकडे न बघता. नंबर दोननी लिहून घेतलं.

घरी फोन करायचं धाडस नाही.

३ एप्रिल, बुधवार

त्यानेच केला. नाव दिसलं स्क्रीनवर. बोलणी खायची तयारी करून उचलला.

‘ताई! जिवंत आहे गं मी!’

‘माल?’

‘गोदामात! एक दप्तर हललं नाही.’

मला कळेचना. ‘पण गाड्या... तू तर भरत होतास...’

‘भरत होतो. उतरवल्या.’ मग हसायला लागला, त्याला बोलवेना. ‘अगं, तू गप्प बसलीस! जन्मात पहिल्यांदा! मी विचारतोय पैसे येतील का, तर तू म्हणतेस थंडी कमी झाली. विचारतोय माल चढवू का, तर म्हणतेस तुझा धंदा तू बघ! आई फोन ठेवून काय म्हणाली माहितेय? म्हणाली, हिला एक तर ताप आहे, नाही तर हिला बोलायची बंदी आहे. तापात तर ही जास्तच बोलते. मी तरी गाड्या भरायला घेतल्या, म्हटलं उगाच शंका. तेवढ्यात तुमच्या तिकडच्या नंबरवरून तो मुका फोन आला. तूच होतीस ना?’

मी काही बोलले नाही.

‘बघ, आत्तासुद्धा!’ तो म्हणाला. ‘चहाच्या टपरीवर सगळे विचारायला लागले, गाड्या का उतरवल्या? म्हटलं, ताई गप्प आहे. एवढंच हं, दुसरं काही नाही. सगळ्यांना माहितेय तू कुठे असतेस. छत्रीवाल्याने गाडी अर्ध्या रस्त्यातून माघारी बोलावली. चपलावाला, डबेवाला – आख्ख्या वसाहतीतून एक खोकं गेलं नाही गं! छत्रीवाल्याच्या बायकोने आईला पेढे आणून दिले.’

‘आणि दप्तरं? शाळेची नावं?’

‘नावावर वरून एक खिसा शिवतोय. झाकलं नाव! जास्तीचा खिसा म्हणून दहा रुपये जास्त लावीन.’

मी हसले. इतकी हसले की पोटात दुखायला लागलं, मग रडले, मग पुन्हा हसले. त्याला सांगितलं – खिशाला चेन लाव, बटण नको, पोरं तोडतात. ‘आली माझी ताई!’ तो म्हणाला. मग आईला सल्ले दिले, भावजयीला दिले, पोरांना दिले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! खिडकी उघडी ठेवून झोपणार आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

चष्मेवाली भेटली. आधी तिच्या मुलीच्या परीक्षेचं बोलून झालं. मग तिने विचारलं, ‘तुझा भाऊ? त्याचा दप्तरांचा कारखाना आहे असं तू मागे म्हणाली होतीस. त्याचा माल नाही ना अडकला?’

‘वाचला. पाठवलंच नाही त्याने.’

ती पुढे वाकली. ‘तू त्याला –’

‘एक अक्षर नाही. माझ्या आईची शपथ.’

तिने कप बाजूला सारला. मग हात दाबला. ‘ठाऊक होतं मला,’ म्हणाली. ‘म्हणूनच तुला सांगितलं होतं.’ या खेपेला पैसे मी दिले.

१८ एप्रिल, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. इथल्या अर्थखात्याचं पत्र आलंय, अगदी नम्र भाषेत. बंदरावरचे आकडे पाहता आपल्या देशातल्या एकाच गावचा माल बंदीच्या आधी, एकाच दिवशी थांबलेला दिसतो. बाकी सगळीकडून नेहमीसारखा आला. या व्यापाऱ्यांना आगाऊ माहिती कुठून मिळाली, हे कळवावं. साहेब म्हणाले, ‘उत्तराचा मसुदा तुम्हीच करा. तुमचंच गाव आहे.’ मी बसलेय, कोरा कागद पुढ्यात. चष्मेवालीचा फोन सकाळपासून लागत नाही.